सातव्या वर्षाचे कपडे

सोमवारी पहाटे पाच वाजून पंचवीस मिनिटांनी झिनोविया नवव्या कबरीवर होती. आधी ओल्या फडक्याने सिमेंटची कड पुसायची, मग पांढरा पंचा अंथरायचा. पंच्यावर पीळ घातलेला गोल पाव, पावाच्या मधोमध मेणबत्ती, शेजारी कप, कपात मूठभर गोळ्या आणि एक लाल अंडं. एका कबरीला चार मिनिटं लागतात. तिच्याकडे बावीस घराण्यांच्या कबरी आहेत आणि एक तिची स्वतःची. स्वतःची ती शेवटी करते.

ईस्टरनंतर आठ दिवसांनी येणारा हा सोमवार मेलेल्यांचा. उत्तर मोल्दोवात या दिवशी दुकानं बंद असतात आणि स्मशानं भरतात. निदान पूर्वी भरत. स्तुपारेनी गावाच्या मतदार यादीत अकराशे चाळीस नावं आहेत. दुकानदारीण रोज सकाळी एकशे तीस पाव मागवते, आणि त्यातले दहा-बारा संध्याकाळी डुकरांना जातात. उरलेली नावं व्हेरोना, लिस्बन, डब्लिन, फ्रँकफर्ट आणि मॉस्कोच्या आसपास कुठेतरी झोपतात आणि उठतात. त्यांचे आईबाप मात्र इथेच टेकडीवर आहेत, आणि त्यांची व्यवस्था झिनोवियाकडे आहे. ती घरांच्या किल्ल्या सांभाळते, थंडीत आठवड्यातून एकदा चुली पेटवते म्हणजे भिंतींना ओल येत नाही, आणि ईस्टरच्या आधी क्रूसांना निळा रंग देते. पैसे आणि मेलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या मिनीबसचा ड्रायव्हर आणून देतो.

अवघड काम आजचं. कबरीवर मांडलेलं सगळं जिवंत माणसाच्या हातात द्यावं लागतं. मेणबत्ती पेटवायची, कप आणि पाव पुढे करायचा, मेलेल्याचं नाव घ्यायचं. घेणाऱ्याने म्हणायचं, देवाला पोचो. मग ते त्या माणसाला तिकडे मिळतं. नुसतं कबरीवर ठेवून निघून गेलं तर मिळत नाही, कावळ्यांना मिळतं. म्हणून देणाऱ्यांइतकेच घेणारेही लागतात, आणि गेली काही वर्षं टेकडीवर देणाऱ्या बायकाच एकमेकींच्या घेणाऱ्या आहेत. झिनोविया बावीस घराण्यांच्या वतीने फेओदोराला देते, फेओदोरा सतरा घराण्यांच्या वतीने झिनोवियाला. दोघींच्या घरी कपांनी फळ्या वाकल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी फेओदोराने घेतलेला एक कप, सूर्यफूल रंगवलेला आणि कान किंचित तुटलेला, मागच्या वर्षी झिनोवियाकडेच परत आला होता.

"हा माझाच," झिनोविया म्हणाली होती.

"मग? मेलेल्यांना कळतंय होय. ते काय कान बघतात?" फेओदोरा म्हणाली.

फेओदोरा चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला गुडघे नाहीत, पण तोंड आहे.

झिनोवियाची स्वतःची कबर पांतेलेइची, तिच्या नवऱ्याची. या फेब्रुवारीत त्याला सात वर्षं झाली. इकडे मेलेल्याला सात वर्षांपर्यंत पाठवता येतं; सातव्या वर्षीचं दान सगळ्यांत मोठं असतं आणि ते शेवटचं. त्यानंतर त्याचं त्याने बघायचं. सातव्या वर्षी अंगावरचा पूर्ण जोड देतात, तोही नवा: सदरा, पँट, पट्टा, मोजे, बूट, टोपी, कंगवा, रुमाल. बाईसाठी बाईला, पुरुषासाठी पुरुषाला. घेणाऱ्याने ते कपडे घालायचे असतात, याच गावात, निदान रविवारी चर्चला जाताना. तो घालतो तोवर तिकडच्याच्या अंगावर कपडे असतात. पाद्री म्हणतात, असं कुठे लिहिलेलं नाही. फेओदोरा म्हणते, पाद्री बावन्न वर्षांचे आहेत, त्यांना काय माहीत.

झिनोवियाने हा जोड जानेवारीतच सोरोकाच्या बाजारातून आणला होता. पांढरा सदरा, राखाडी पँट, बेचाळीस नंबरचे काळे बूट. दुकानदाराने विचारलं होतं, घालून बघायला माणूस आणलात का. ती म्हणाली होती, माप माहीत आहे.

माप माहीत असण्याचं कारण आहे. पांतेलेइ मॉस्कोजवळ एका बांधकामावर गिलाव्याचं काम करायचा. तिथे मजुरांना झोपायला लोखंडी डबे असतात. त्यातल्या एकात तो फेब्रुवारीतल्या एका रात्री झोपला आणि उठला नाही. झिनोविया तेव्हा इटलीत मोदेनाला एका वकिलाच्या नव्वदीतल्या वडिलांना आंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे काम करत होती. ती चाळीस तास बसने आली. त्याच दिवशी शवपेटी व्हॅनमधून आली. जस्ताची पेटी होती, कडा डाग देऊन बंद केलेली, वर शिक्के. उघडायची नाही, असं कागदावरही होतं आणि ड्रायव्हरनेही सांगितलं. ती उघडली नाही, तशीच पुरली.

तीन आठवड्यांनी गावातल्या एकाने त्याची पिशवी आणून दिली. झिनोवियाने ती ओट्यावर रिकामी केली. दोन सदरे, दोन पँटी, विणलेला स्वेटर, जाड कोट, बूट, आतले कपडे. ती शेवटचं भेटली तेव्हा तिनेच ते बॅगेत भरले होते. एकही कपडा कमी नव्हता.

"मग त्याच्या अंगावर काय होतं?" तिने पिशवी आणणाऱ्याला विचारलं.

"काहीतरी घातलं असेल, वहिनी. असं कसं पाठवतील?"

"काय घातलं?"

तो बूट बघत बसला. त्यालाही माहीत नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी तिने पहिला जोड तोदेर मेंढपाळाला दिला. तोदेर तीन आठवड्यांनी तोच कोट घालून पोर्तुगालच्या बसमध्ये चढला आणि अजून आलेला नाही. वर्षश्राद्धाला दुसरा जोड फेओदोराच्या मुलाला दिला. त्यातले बूट तिसऱ्या दिवशी दुकानामागे दारूच्या बदल्यात गेले. फेओदोरा त्यानंतर दोन महिने झिनोवियाशी नजर मिळवत नव्हती. हा तिसरा जोड होता आणि यानंतर चौथा नाही.

या वेळी झिनोवियाने माणूस नीट निवडला. हारालांबिए ट्रॅक्टर चालवतो, बावन्न वर्षांचा आहे, दारू सणालाच पितो, आणि पांतेलेइबरोबर एका बाकावर शिकला. त्याने ख्रिसमसच्या आठवड्यात तिच्या ओट्यावर बसून हो म्हटलं होतं.

दहा वाजता पाद्री आले आणि ओळीने कबरींना आशीर्वाद देत वर चढू लागले. खाली चार परदेशी नंबरांच्या गाड्या आणि एक मिनीबस उभी होती. मागच्या वर्षी अकरा गाड्या होत्या. यंदा ईस्टर आणि तिकडच्या सुट्ट्या जुळल्या नाहीत, असं बायका म्हणत होत्या. त्याआधीच्या वर्षी पेट्रोल महाग होतं.

झिनोवियाच्या एका हातात पाव आणि दुसऱ्यात फोन होता. फोनमध्ये डब्लिनची बाई होती, मागे तिची मुलं भांडत होती.

"मावशी, बाबांचा क्रूस दाखवा ना. रंग नीट लागलाय का?"

"लागलाय. दोन हात दिलेत."

"आणि बाबांचा कप कोणाला देताय?"

झिनोवियाने फोन वळवला. "फेओदोराला."

"मागच्या वर्षीही त्यांनाच दिला ना?"

"मागच्या वर्षीही त्या जिवंत होत्या," झिनोविया म्हणाली.

फेओदोराने फोनकडे बघून हात हलवला आणि कप पिशवीत टाकला. "देवाला पोचो. बाळे, पुढच्या वर्षी चमचे पाठव. कप ठेवायला जागा नाही."

बारा वाजायच्या सुमारास बावीस घराणी संपली. हारालांबिए तेव्हा वर आला. इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि त्याला बसून बोलायचं नव्हतं.

"ख्रिस्त उठला, वहिनी," त्याने ईस्टरच्या दिवसांतला नमस्कार घातला.

"खरंच उठला. ये. मेणबत्ती पेटवते."

"थांबा." त्याने टोपी काढली. "मी उद्या चाललोय."

"कुठे?"

"जर्मनी. मांसाचा कारखाना आहे. पेत्रुचा मेहुणा नेतोय. पहाटे साडेचारला दुकानापासून बस."

झिनोवियाने काडेपेटी खिशात ठेवली. "किती दिवस?"

"तीन महिने म्हणतात."

"तोदेरलाही तीन महिनेच म्हणाले होते."

"म्हणून तर सांगतोय." तो पांतेलेइच्या क्रूसाकडे बघून बोलत होता. "घेतले तर घालावे लागतात. तिथे पांढरा कोट आणि रबरी बूट असतात, रविवारीसुद्धा पाळी असते. तुमचा सदरा पेटीत राहील. मग तो पांतेलेइ मला तिकडे शिव्या घालेल. तुम्ही नाही घालणार, पण तो घालेल."

"ट्रॅक्टर?"

"विकला. शनिवारी."

"मला ख्रिसमसला हो म्हणालास."

"ख्रिसमसला बँकेने नोटीस पाठवली नव्हती." मग वाकून त्याने पंच्यावरचं एक अंडं उचललं. "हे घेऊ?"

"घे."

"देवाला पोचो," हारालांबिए म्हणाला आणि अंडं खिशात घालून खाली उतरला.

फेओदोरा शेजारच्या कबरीच्या कडेवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवायचा तिचा स्वभाव नाही.

"चल, मोजूया," ती म्हणाली. "निकिता."

"एक्याऐंशी. अंथरुणातून उठत नाही."

"पाद्री."

"पाद्री घेत नाहीत."

"सरपंच?"

"सोरोकाला राहतो. इथे फक्त सही करायला येतो."

"माझं पोरगं."

झिनोवियाने पंच्याचा कोपरा सरळ केला.

"बरोबर आहे," फेओदोरा म्हणाली. "मीसुद्धा त्याला देणार नाही. खाली ते चार जण उभे आहेत गाडीवाले."

"ते उद्या जातील."

"मग पुरुष संपले, झिना." फेओदोराने पिशवीचं तोंड बांधलं. "एक काळ होता, आपण त्यांना दुकानासमोरून हाकलायचो."

झिनोविया खाली बघत होती. खालच्या उतारावर सफरचंदाच्या बागा फुलल्या होत्या, आणि ओळींमधून ठिबकच्या काळ्या नळ्या गेल्या होत्या. त्या नळ्या ज्यांनी टाकल्या ते अकरा जण नेपाळचे होते. बागेच्या कंपनीने दीड वर्षापूर्वी त्यांना आणलं, कारण गावात फांद्या छाटायला आणि पेट्या उचलायला माणूस मिळेना. कंपनीने त्यांना बंद पडलेल्या बालवाडीत ठेवलं आहे. तिथे हात धुवायची भांडी गुडघ्याएवढ्या उंचीवर आहेत आणि भिंतीवर बदकं रंगवली आहेत.

झिनोविया त्यांना दूध आणि अंडी विकते. त्यातल्या एकाशी तिचं जरा जास्त बोलणं होतं. त्याचं नाव नरबहादुर बुढाथोकी, वय अडतीस, घरी बायको, दोन मुली आणि आईवडील. याआधी तो पाच वर्षं कतारला आणि दोन वर्षं मलेशियात होता, त्यामुळे दुसऱ्याची भाषा चार महिन्यांत कामापुरती शिकायची त्याला सवय आहे. डिसेंबरात त्याने तिच्या अंगणातली लाकडं फोडून दिली आणि ओसरीवरचा दिवा बदलला. दिवा बदलताना तो स्टुलावर चढला नाही, टाचा उचलल्या आणि हात पोचला. पांतेलेइचाही तसाच पोचायचा. झिनोवियाच्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं, पण तेव्हा हारालांबिए होता.

"तो आपल्यातला नाही," फेओदोरा म्हणाली. झिनोविया कुठे बघतेय हे तिला कळलं होतं.

"जिवंत आहे, पुरुष आहे, गावात राहतो. अजून काय लागतं?"

"छातीवर क्रूसाची खूण करतो का?"

"तोदेर करायचा. काय उपयोग झाला?"

फेओदोराने यावर विचार केला. "पायाने लहान आहे."

"कागद घालेल बुटात."

दुपारी तीन वाजता झिनोविया बालवाडीत गेली. सुट्टी असल्यामुळे सगळे जण होते. कोणी कपडे धूत होतं, कोणी भात शिजवत होतं. नरबहादुर लहान मुलांच्या बाकावर बसून मिरच्या निवडत होता. ती म्हणाली, माझ्याबरोबर वर चल, नवऱ्यासाठी काहीतरी द्यायचं आहे. त्याने विचारलं, उचलायचं आहे का. ती म्हणाली, उचलायचंच आहे. तो हात धुऊन निघाला.

कबरीजवळ तिने मेणबत्ती पेटवली. वारा होता, म्हणून फेओदोराने पदरासारखा रुमाल आडवा धरला. झिनोवियाने कबरीवरून पलीकडे आधी पाव दिला, मग गाठोडं.

"पांतेलेइसाठी," ती म्हणाली. "म्हण, देवाला पोचो."

"देवाला पोचो," नरबहादुर म्हणाला.

"घाल."

"इथे?"

"सदरा तरी. आणि टोपी."

तो क्षणभर घुटमळला. दोन वडीलधाऱ्या बाया, सणाचा दिवस, नवा कोरा सदरा. त्याने बागेतलं जाकीट काढून क्रूसाला अडकवलं, सदरा टीशर्टवरच चढवला आणि वरचं बटण लावलं. खांद्यात अगदी बरोबर बसला. टोपी घातल्यावर फेओदोरा म्हणाली, "सरपंच दिसतोय. सही करायला सांग."

"रविवारी घालायचा," झिनोविया म्हणाली. "दर रविवारी. चर्चला नको येऊस, पण रस्त्याने फिर. दुकानापर्यंत जा."

"जातो, मावशी. छान कापड आहे. किती झाले?"

"हे विचारायचं नसतं."

"बरं. धन्यवाद. पुष्कळ धन्यवाद."

तो बूट हातात धरून उतरू लागला. झिनोविया फाटकाशी उभी राहून त्याला बघत होती. पांढरा सदरा विहिरीपाशी दिसला, दुकानापाशी दिसला, बालवाडीच्या कोपऱ्यावर वळला. मग ती आत आली, पांतेलेइच्या कबरीच्या कडेवर बसली आणि फेओदोराने दिलेला एक पाव मोडून खायला लागली. पहाटेपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने द्राक्षाच्या पानांत बांधलेले भाताचे चार गोळे खाल्ले, एक पेला वाईन घेतली आणि थोडी कबरीवर ओतली.

"झालं," ती म्हणाली.

"झालं," फेओदोरा म्हणाली. "आता मला उठव."

नरबहादुर साडेसातला आला. ऊन अजून छपरांवर होतं. झिनोविया अंगणात कोंबड्या आत घेत होती. तो फाटकाच्या आत आला नाही. त्याच्या अंगावर बागेतलं जाकीट होतं आणि हातात गाठोडं, तिने बांधलं होतं त्याहून नीट घडी घालून बांधलेलं. वर टोपी.

"काय झालं? बूट बसत नाहीत?"

"बूट बरोबर आहे." त्याने गाठोडं दोन्ही हातांत धरलं होतं. "मावशी, हे तुमच्या नवऱ्यासाठी म्हणजे काय?"

"त्याच्या नावाने. तो गेला ना."

"गेलेल्या माणसाचे?"

"त्याचे नाहीत. नवे आहेत. त्याला मिळावेत म्हणून तुला दिले."

नरबहादुरने मान हलवली. त्याला हेच कळायचं होतं आणि हेच कळायला नको होतं. त्याने संध्याकाळी फोनवर आईला सदरा दाखवला होता. आई आधी हसली, छान दिसतोस म्हणाली. मग तिने विचारलं कोणी दिला. त्याने सांगितलं, दूध विकणाऱ्या मावशीने, नवऱ्याच्या कबरीवर, मेणबत्ती लावून, पावासकट. आई रडायलाच लागली. वडील शेजारी बसले होते, त्यांनी फोन घेतला.

"आमच्याकडे पण देतात," तो शब्द शोधत बोलला. "तेराव्या दिवशी. कपडे, बूट, छत्री, अंथरूण. नवंच देतात. पण ते घेणारा माणूस वेगळा असतो. त्याचं कामच ते. तो घेतो, मग मेलेल्याचं जे काही असतं ते त्याच्याकडे जातं. दुसऱ्याने घ्यायचं नसतं. माझे वडील जिवंत आहेत, मावशी."

"तुझ्या वडिलांना काय होणार आहे यातून?"

"मला माहीत नाही. आईला माहीत आहे."

"आमच्याकडे घेणाऱ्याला पुण्य लागतं," झिनोविया म्हणाली. "पाप नाही लागत. विचार कोणालाही. फेओदोराकडे तीनशे कप आहेत, तिला काय झालंय? चौऱ्याहत्तर वर्षांची आहे."

"तुमच्याकडे असेल."

"तू आमच्याकडेच आहेस."

तो म्हणाला, "पाव मी खाल्ला. आईला सांगितलं नाही. पावाचं राहू दे."

त्याने गाठोडं पुढे केलं. झिनोवियाने हात मागे घेतले, पाठीवर एकमेकांत अडकवले.

"मी घेऊ शकत नाही. दिलेलं परत घेतलं तर त्याच्या अंगावरून काढून घेतल्यासारखं आहे."

"मग मी काय करू?"

"ठेव. घालू नकोस. पेटीत ठेव."

"पेटीतसुद्धा नको म्हणाली आई. दिवे लागायच्या आत परत कर म्हणाली." त्याने आकाशाकडे बघितलं. "मावशी, मी चार दिवसांनी बोलतो तिच्याशी. आठवड्यातून दोनदाच नेट नीट लागतं तिच्या गावात. ती चार दिवस जेवणार नाही."

"दुसऱ्या कोणाला दे. तुमच्यातल्या."

"विचारलं. सगळ्यांचे वडील आहेत. एकाचे नाहीत, तो म्हणाला माझी आई आहे."

फाटकाबाहेर, भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे. पांतेलेइने तो मॉस्कोहून दुसऱ्यांदा आल्यावर केला होता. बागेची बस सकाळी तिथेच थांबते, म्हणून आता ते अकरा जण त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला असतात. नरबहादुरने बाकाची फळी हाताने झाडली, गाठोडं मधोमध ठेवलं, टोपी सरळ केली. खिशातून रुमाल काढून तोही वर ठेवला. रुमालाच्या कोपऱ्यात झिनोवियाने एक नाणं बांधलं होतं, ती गाठ त्याने सोडली नव्हती.

"माफ करा," तो म्हणाला. "मी लाकडं फोडायला येईन."

"ये," झिनोविया म्हणाली.

तो गेल्यावर पाच मिनिटांतच फेओदोरा आली. समोरच्या खिडकीतून तिला बाक दिसतो.

"उचल आणि कपाटात ठेव. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"उद्या सकाळी हारालांबिएच्या बसमध्ये टाक. तो नको म्हणेल, पण ड्रायव्हर कशालाच नको म्हणत नाही. जर्मनीत कोणीतरी घालेल."

"जर्मनीत त्याला कोण ओळखतं?"

"इथे तरी कोण ओळखतंय आता? तू आणि मी." फेओदोराने बाकाच्या टोकाला टेकायला जागा शोधली, मग गाठोड्याकडे बघून उभीच राहिली. "एक सांगू? रागावू नकोस. ज्यांनी त्याला पेटीत घातला, ती माणसंच होती. मजूर असले तरी माणसं. काहीतरी अंगावर घातलंच असेल. स्वतःचं काढून घातलं असेल."

"असेल."

"मग झालं तर."

"काय घातलं ते मला माहीत नाही," झिनोविया म्हणाली. "सात वर्षं झाली. आता विचारायलाही कोणी नाही. त्या डब्यात झोपणारे सहा जण होते. दोन मेले. बाकीचे कुठे आहेत ते त्यांच्या बायकांनाही माहीत नाही."

फेओदोरा घरी गेली. झिनोवियाने कोंबड्यांचं दार लावलं, गाईला पाणी दाखवलं. लेकीचा व्हेरोनाहून फोन आला. तिने विचारलं, बाबांचे कपडे दिले का. झिनोविया म्हणाली, दिले. कोणाला, असं लेकीने विचारलं नाही, तिची कामाची पाळी सुरू होणार होती.

पहाटे दव पडतं. रात्री साडेआठला झिनोविया घरातून जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड घेऊन बाहेर आली आणि गाठोड्यावर पसरलं. चारी कोपरे फळीखाली खोचताना तिने काळजी घेतली. बोटं मेणकापडाला लागली, गाठोड्याला नाही.

मंगळवारी साडेपाचला तिला टेकडीवर असायला हवं. बावीस कबरींवरचं मेण खरवडायचं असतं, पंचे गोळा करायचे असतात, उरलेली अंडी कुत्र्यांच्या आधी उचलायची असतात. जर्मनीची बस त्याआधीच, साडेचारला, दुकानापासून सुटते. बागेची बस सहा वाजून दहा मिनिटांनी झिनोवियाच्या फाटकासमोर थांबते, आणि अकरा जण त्या बसची वाट बघत सहापासून बाकापाशी उभे असतात. गाठोडं कोण उचलतं ते बघायला झिनोविया तेव्हा तिथे नसेल.